खांदेरीला शिडाच्या बोटीनं जायचंय? तारीख रविवार बघून नको, तिथी बघून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जण मुंबईला येणार. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी, भाऊ-वहिनी आणि बाहत्तर वर्षांचे वडील, ज्यांचे गुडघे दुखतात. डिसेंबर-जानेवारीत एक दिवस शिडाच्या बोटीनं 'निर्मनुष्य बेटावर' नेऊ असं एका आयोजकानं सांगितलंय, बेट खांदेरी. जावं का, कधी जावं, काय विचारून घ्यावं, बोट लागेल का, आणि वडिलांना न्यावं का?

मी गेली बावीस वर्षं मुंबई बंदरात शिडाच्या बोटी चालवते आणि शिकवते. खांदेरीला किती वेळा गेले याची मोजदाद ठेवलेली नाही. जरूर जा. एका दिवसात जाऊन येण्यासारखं, इतिहासानं भरलेलं आणि तरी रिकामं असं बेट मुंबईच्या इतक्या जवळ दुसरं नाही. फक्त ही सहल तुमच्या सुट्टीच्या कॅलेंडरवर बसत नाही. ती भरती-ओहोटीच्या आणि वाऱ्याच्या वेळापत्रकावर बसते. ते जुळलं तर दिवस आयुष्यभर लक्षात राहतो. नाही जुळलं तर तीच बोट, तोच तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि तेच बेट असूनही संध्याकाळी सगळे ओले, गारठलेले आणि गप्प गप्प परत येतात.

आधी अंतराचा अंदाज घ्या. गेटवेपासून खांदेरी साधारण तेरा सागरी मैल, म्हणजे चोवीस किलोमीटर. तीस-पस्तीस फुटी शिडाची बोट बऱ्या वाऱ्यात ताशी चार-पाच सागरी मैल कापते. म्हणजे जायला तीन-साडेतीन तास आणि यायला तीन ते पाच. काही आयोजक मांडव्याहून बोट काढतात, तिथून अंतर जवळजवळ निम्मं होतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मला मांडवा जास्त पसंत आहे. गेटवेहून फेरीनं मांडव्याला या आणि तिथून शिडावर चढा. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून मासेमारीच्या बोटीनं गेलात तर बेट चार-पाच किलोमीटरवरच आहे, पण ती इंजिनाची सफर, तुम्ही विचारताय ती नव्हे.

आता तिथी. कोळीवाड्यात वाढलेल्या कुणालाही हे गणित तोंडपाठ असतं, शहरातल्या माणसाला कुणी शिकवत नाही. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. ही वेळ सकाळीही आणि संध्याकाळीही, आणि त्या दोन्हींच्या मधोमध, सहा तासांच्या अंतरानं, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पक्क्या वेळेसाठी छापील भरतीचं कोष्टक बघायचंच. पण सहलीची तारीख निवडायला हे गणित पुरतं.

या गणितात खांदेरीसाठी एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊण पट केली की भरती सव्वाअकरा ते बाराच्या आसपास येते. म्हणजे सकाळी सहा ते बारा पाणी बंदरात आत येत असतं आणि तुम्ही बाहेर निघालेले असता. दुपारनंतर पाणी बाहेर ओढत असतं आणि तुम्हाला घरी यायचं असतं. दोन्ही वेळा प्रवाह उलटा. त्यात ते उधाणाचे दिवस. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या पुढे फरक पडतो आणि बंदराच्या तोंडाशी प्रवाह इतका जोरात असतो की मंद वाऱ्यात शीड भरलेलं दिसतं, पाणी बोटीच्या कडेनं पळताना दिसतं, आणि बोट मात्र कुलाब्याच्या त्याच इमारतीसमोर उभी असते.

आता अष्टमी ते दशमी बघा, शुद्ध असो की वद्य. भरती सकाळी सहा ते साडेसात. म्हणजे तुम्ही सातला दोर सोडलात की ओहोटीचं पाणीच तुम्हाला बाहेर घेऊन निघतं. दुपारी साडेबारा-दीडला ओहोटी संपते, भरती लागते, आणि तुम्ही एकला नांगर उचललात की तेच पाणी तुम्हाला संध्याकाळपर्यंत आत आणत राहतं. शिवाय हे भांगाचे दिवस. पाण्याचा चढउतार दीड-दोन मीटरांचाच, प्रवाह सौम्य, आणि भर ओहोटीतही बेटाच्या धक्क्यापाशी पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे छोट्या होडीतून उतरणं सोपं पडतं. महिन्यात असे तीन-तीन दिवसांचे दोन तुकडे मिळतात. त्यातला एखादा शनिवार-रविवारी आला तर छान. नाही आला तर आठवड्यातल्या मधल्या दिवसाची रजा काढा. मी माझ्याकडे येणाऱ्यांना हेच सांगते आणि निम्मे लोक नाराज होतात. पण जे ऐकतात ते पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

वाऱ्याची बाजूही डिसेंबर-जानेवारीत बऱ्यापैकी ठरलेली असते. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकला असाल. परीक्षेनंतर ते कुणी वापरत नाही, आम्ही रोज वापरतो. पहाटे जमीन गार झालेली असते, तिच्यावरून मंद, कोरडा मतलई वारा ईशान्येकडून येतो. दक्षिणेला निघालेल्या बोटीला तो पाठीमागून, थोडा डावीकडून मिळतो. आडवं-तिडवं होणं नाही, पाणी गुळगुळीत, हातातला चहा सांडत नाही. दहा-साडेदहाला तो पडतो. मग तास-दोन तास काहीच नसतं, समुद्र तेल ओतल्यासारखा दिसतो. बाराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा उठतो आणि तीन-चारपर्यंत वाढत जातो. परतीला तो डाव्या अंगानं, जवळजवळ तोंडावर येतो. बोट एका बाजूला झुकते, नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, पाण्याचे तुषार येतात. खरं शिडकाम ते. सकाळी डुलक्या घेणारी माणसं दुपारी दोन्ही हातांनी कठडा धरून हसत असतात.

म्हणून आयोजकाला एक प्रश्न सरळ विचारा: किती वेळ शिडावर आणि किती वेळ इंजिनवर? 'पूर्ण वेळ शिडावर' असं उत्तर आलं तर तो माणूस एक तर नवखा आहे किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतोय. सकाळच्या मंद वाऱ्यात आणि मधल्या शांततेत तास-दीड तास इंजिन चालवावंच लागतं, नाही तर बेट गाठायलाच दुपार होईल. त्यात कमीपणा काही नाही. पण उलटही होतं. शीड फोटोपुरतं वर चढवायचं आणि इंजिन दिवसभर गुरगुरत ठेवायचं. वारा असताना इंजिन बंद करणार का, हे आधी विचारून घ्या. इंजिन बंद झाल्यावरचा पहिला मिनिट मला अजूनही आवडतो. आवाज थांबतो, लोक बोलता बोलता थबकतात, आणि मग बोटीच्या पोटाखालून वाहणाऱ्या पाण्याचा खळखळाट ऐकू यायला लागतो. तो आधीपासून होताच.

बाहेर पडताना वाटेत सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं ते दोन गोष्टींपासून. एक म्हणजे मोठ्या जहाजांचा मार्ग. न्हावा-शेव्याला आणि मुंबईला येणारी कंटेनर जहाजं ठरलेल्या खोल वाटेनं जातात. लांबून ती उभी असल्यासारखी दिसतात आणि दहा मिनिटांत डोक्यावर येतात. शिडाच्या बोटीला वाट द्यावी असा सर्वसाधारण नियम आहे हे खरं, पण अरुंद वाटेतल्या जहाजाला तो लागू नाही. तिथं आपणच बाजूला व्हायचं, आणि ती वाट काटकोनात, लवकरात लवकर ओलांडायची. दुसरी गोष्ट म्हणजे जाळी. मांडव्यापासून थळपर्यंत डोलीची, म्हणजे खुंटांना बांधून ठेवलेली, मासेमारीची जाळी लावलेली असतात. त्यांचे खुंट आणि बोये पाण्यावर जेमतेम दिसतात, आणि दुपारी ऊन समोरून आलं की तेही दिसत नाहीत. ती जाळी कुणाच्या तरी घरच्या चुलीवरची भाकरी आहे. आपण सहलीला आलेलो असतो, ते कामावर असतात. वळसा आपणच घालायचा.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक फेब्रुवारी सांगते, कारण माझे आजचे नियम त्या दिवशी ठरले. बोटीवर पाच पाहुणे होते. बेटावर बारापर्यंत थांबायचं ठरलेलं. कुणाला तोफेपाशी फोटो हवे होते, कुणाला दीपगृहाच्या बाजूची तटबंदी बघायची होती, आणि मी 'ठीक आहे, आणखी अर्धा तास' असं तीनदा म्हटलं. तिथीही चुकीची होती, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. नांगर उचलला तेव्हा दोन वाजून गेले होते, वायव्येचा वारा अंगावर आला होता आणि ओहोटी जोरात लागली होती. वारा आणि प्रवाह एकमेकांवर आदळले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट त्यात आपटत राहते. शिडावर पुढे सरकता येईना म्हणून इंजिन लावलं, आणि थळसमोर एका तुटक्या जाळ्याचा दोर पंख्यात गुंडाळला गेला. इंजिन घरघरून बंद पडलं. नांगर टाकला आणि थांबलो. त्यातली एक मुलगी सारखी विचारत होती, 'ताई, आपण बुडत नाही ना?' बुडत नव्हतो. पण तिला ते पटेल असं माझ्या आवाजात तेव्हा काही नव्हतं. संध्याकाळी थळची एक मासेमारी बोट परतताना वळून आली. त्यांच्यातला एक जण कोयती दातात धरून पाण्यात उतरला, चार डुबक्यांत त्यानं दोर कापून काढला. पैसे घेतले नाहीत. जाताना तांडेल एवढंच म्हणाला, 'येळ चुकली तुमची, बाय.' गेटवेला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

तेव्हापासून परत फिरण्याची वेळ मी धक्का सोडण्याआधी सगळ्यांसमोर जाहीर करते. दुपारी एक. बेट बघून झालं असो वा नसो. साडेदहापर्यंत बेट दिसतं तिथवर पोचलो नाही तर उतरायचंच नाही, लांबून फेरी मारून परत. डिसेंबरच्या अखेरीला सूर्य सव्वासहाच्या आत बुडतो, आणि जाळ्यांच्या पट्ट्यातून अंधारात शीड चालवायला मला कुणी कितीही पैसे दिले तरी नको. तुमच्या आयोजकाला विचारा: 'परत फिरायची शेवटची वेळ कोणती?' त्यानं क्षणाचाही विचार न करता आकडा सांगितला तर माणूस जाणकार आहे. 'बघू, तुमच्या मूडवर आहे' म्हणाला तर दुसरा बघा.

बाकी कागदपत्रं. बोटीची नोंदणी आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचं तपासणी प्रमाणपत्र, त्यावर प्रवाशांची मंजूर संख्या. तुम्ही सहा आणि खलाशी दोन धरून आकडा बसतो का ते बघा. प्रवाशांचा विमा. बेटावर उतरायची परवानगी त्यांनी घेतली आहे का, हे लेखी विचारा. जागा मुंबई बंदराच्या ताब्यात आहे आणि किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात. लाइफ जॅकेट सहा आहेत का एवढं विचारून थांबू नका, मुलीच्या मापाचं आहे का ते विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात वर निसटतं. लहानांच्या जॅकेटला मांड्यांच्या मधून येणारा पट्टा हवा. आणि ते घालून बसायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, पुढे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. शांत पाणी, लख्ख दिवस, बंदराच्या आतलं अंतर, आणि काही मिनिटांत माणसं पाण्यात. माझ्या बोटीवर त्याआधीही जॅकेट सक्तीचं होतं, पण आता वाद घालणाऱ्याला मी धक्क्यावरच उतरवते. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (इतर बोटींशी आणि बंदराशी बोलायचा) आहे आणि चालू आहे याचीही खात्री करा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा, वाटेत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज असते.

बोट लागण्याबद्दल. सकाळी बहुतेकांना काही होत नाही. त्रास होतो तो दोन वेळा: मधल्या शांततेत बोट जागच्या जागी डुलत असताना, आणि परतीला पहिल्या अर्ध्या तासात. उपाशी पोटी येऊ नका. रिकाम्या पोटी बोट लागत नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज. आदल्या रात्री जागरण आणि तेलकट खाणं टाळा, सकाळी भाकरी किंवा चपाती, एखादं केळं, थोडा चहा. गाडी लागणाऱ्यांनी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी तासभर घ्यावी. उलटी व्हायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. आलेपाकाच्या वड्या मी डबा भरून ठेवते. मळमळलं की माणूस खाली केबिनमध्ये जाऊन आडवा होतो, तसं अजिबात करू नका. वर उघड्यावर, बोटीच्या मधोमध किंवा मागे बसा, फोन खिशात टाका आणि क्षितिजाकडे बघत राहा. मुलीला सुकाणू हातात द्या. ज्याच्या हातात सुकाणू असतं त्याला बोट जवळजवळ कधीच लागत नाही, कारण पुढची लाट त्याला आधीच दिसलेली असते.

वहिनींना आणि तुमच्या पत्नीला एक गोष्ट आधीच विचारून ठेवायला सांगा, कारण बायका ती विचारायला संकोचतात आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत: बोटीवर संडास आहे का आणि तो चालू आहे का. पाणी न पिता सहा तास उन्हात काढले की डोकं दुखायला लागतं आणि त्याचा दोष समुद्राला दिला जातो. माणशी तीन लिटर पाणी न्या. बेटावर दुकान नाही, टपरी नाही, नळ धरून चालायचं नाही. टोपीला हनुवटीखाली दोरी. पायात मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल, चपला नकोत. जेवण कोरडं आणि हातानं खाता येईल असं. बटाट्याची भाजी-चपाती, दशम्या, चटणी. ते बेटावर नव्हे तर नांगरलेल्या बोटीवर खायचं, म्हणजे कचऱ्याचा प्रश्नच उरत नाही.

आता बेट. निर्मनुष्य म्हणजे गाव नाही, वस्ती नाही. दीपगृहाची देखभाल करणारी माणसं मात्र असतात. हे दीपगृह १८६७ सालचं, आणि लांबून आधी तेच दिसतं. दोन टेकड्या आणि मधली खिंड, तिच्या पूर्वेला, म्हणजे थळच्या बाजूला, धक्का आहे. शिडाच्या बोटीला खाली जड कणा असतो, ती धक्क्याला लावत नाहीत. थोडं लांब नांगर टाकून छोट्या होडीतून दोघा-तिघांना उतरवतात. पायऱ्यांवर शेवाळ असतं. होडीतून उतरताना लाटेबरोबर होडी वर आली की पाऊल टाकायचं, खाली जात असताना कधीच नाही, आणि तांडेलाचा हात मनगटाला मनगट असा धरायचा. बोटं धरली की सुटतात.

तटाच्या पायथ्याशी समुद्रात मोठमोठे दगड विखरून टाकलेले दिसतील. त्यांच्यावर कालवं चढलेली असतात, ब्लेडसारखी. फोटोसाठी तिथं खाली उतरू नका. एकदा एका पाहुण्याचा तळवा त्यावर असा चिरला होता की होडीच्या तळातलं पाणी लाल झालं. शत्रूला नेमकं असंच अडवायचं होतं, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही ती व्यवस्था चालू आहे.

इतिहास मी जाताना बोटीवरच सांगते, कारण तो तिथून नीट कळतो. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार तोफा घेऊन खांदेरीवर आले आणि तट चढवू लागले. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी, पण ती वाऱ्यावर आणि खोल पाण्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की इंग्रज जागच्या जागी आणि मराठे वल्ही मारत निसटलेले. रात्री थळ आणि नागावच्या बाजूनं, जिथं मोठं जहाज बुड टेकेल अशा पाण्यातून, बेटावर धान्य आणि माणसं पोचत राहिली. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठ्यांच्या दौलतखानाचं साठच्या आसपास होड्यांचं आरमार नागावकडून चालून आलं आणि 'डव्ह' नावाचं इंग्रजी जहाज मराठ्यांनी धरलं. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी वेढा उठवला. शेजारच्या उंदेरीवर सिद्दी येऊन बसला, ती लढाई पुढे चालूच राहिली. सकाळी साडेदहाला वारा पडतो, शीड ओल्या पदरासारखं लोंबतं, बोट हलत नाही, खांदेरी समोर दिसतंय आणि गाठता येत नाही. अशा वेळी ही गोष्ट सांगितली की शाळकरी मुलांनाही लगेच समजतं. इंग्रजांना नेमकं हेच झालं होतं.

किल्ल्यावर लोखंडी चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा अजून आहेत, त्या आवर्जून बघा. वेताळाचं देऊळ आहे. पांढऱ्या रंगानं रंगवलेली शिळा, आणि ती दरवर्षी थोडी वाढते अशी कोळी बांधवांची श्रद्धा. पायातलं काढून आत जा. हे पर्यटनाचं ठिकाण होण्याच्या कितीतरी आधीपासून थळचे लोक समुद्रात जाताना या देवाला हात जोडत आलेत. धातूसारखा आवाज करणारा एक खडकही आहे, दीपगृहावरची माणसं दाखवतात. दगड मारून मारून त्यावर खळगे पडले आहेत. मुलीला एकदा बोटाच्या पेरानं वाजवू द्या, पुरेसं आहे. १९९८ पासून बेटाचं अधिकृत नाव कान्होजी आंग्रे द्वीप आहे, पण तांडेल खांदेरीच म्हणतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात खांदेरी आहे. मला याचा फार आनंद झाला आणि थोडी धाकधूकही वाटली. बेटावर आणलेली प्रत्येक बाटली कुणीतरी होडीत घालून परत नेली तरच जाते, तिथं कचरागाडी येत नाही. आम्ही दर सहलीला एक रिकामं पोतं घेऊन उतरतो आणि भरून परततो. तुमच्या मुलीला पोतं धरायला सांगा, मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात.

उंदेरीवरही उतरवा असा आग्रह धरू नका. तिथं धड धक्का नाही, भोवती खडप आहे, आणि अष्टमी-दशमीच्या ज्या तिथीला तुम्ही निघाल त्या दिवशी दुपारी नेमकी ओहोटी असते. लांबून बघा, तट छान दिसतो.

राहिला वडिलांचा प्रश्न. न्या. पण बेटावर उतरवायची सक्ती स्वतःवरही करू नका आणि त्यांच्यावरही. गुडघ्यांना त्रास बेटावरच्या चढापेक्षा होडीतून पायरीवर पाऊल टाकताना होतो, तिथं एका पायावर पूर्ण भार येतो. त्या दिवशी धक्क्यापाशी लाट असेल तर त्यांना बोटीवरच राहू द्या. एक खलाशी तसाही बोटीवर थांबतोच, नांगरलेली बोट रिकामी सोडत नाहीत. मागे एकदा असेच एक आजोबा माझ्याबरोबर होते, आयुष्यभर कापड गिरणीत काढलेले. बाकीचे बेटावर गेले. हे शिडाच्या सावलीत पाय पसरून बसले, आमच्या खलाशाकडून दोराच्या गाठी शिकले, मग स्वतः त्याला गिरणीतली सुताची गाठ शिकवली. खारा वारा लागला तेव्हा लोक अजून परतायचे होते. आजोबांनी मान वर केली, डोलकाठीच्या टोकावरची फडकी बघितली आणि मला म्हणाले, 'वारा फिरला, बोलवा त्यांना.' घड्याळात एकला दहा कमी होते.